सहाशेचे नऊशे

गलात्समध्ये त्या साली सगळेच लखपती होते.
पावाला हजारो लेई, बसच्या तिकिटाला हजारो,
आणि रविवारच्या बाजारात
ग्रिगोरेच्या मोडक्या डाचियाच्या डिकीत
वर्तमानपत्रावर प्रोसेसर मांडलेले,
सुकत घातलेल्या मासळीसारखे ओळीने.

“सगळ्यांत स्वस्त कोणता?”
“कशाला हवाय, इलिंका?”
“बिघडवायला.”
तो खोकेपर्यंत हसला.
मग एक ड्युरॉन काढून दिला, सहाशेचा,
सात लाखांना.

महागाच्या वस्तूवर हात शिकत नाही,
नुसता थरथरतो.
सोळाव्या वर्षी मला फारसं काही कळत नव्हतं,
पण एवढं कळत होतं.

मदरबोर्ड बंदरावरच्या बुडालेल्या कचेरीतला,
पॉवर सप्लायला डॅन्यूबच्या चिखलाचा वास,
हार्ड डिस्क रात्री दार ठोठावल्यासारखी वाजायची.
कॅबिनेट नव्हतंच.
आईच्या बेकरीतला पावाचा प्लास्टिक क्रेट,
त्याच्या बुडाशी ठसठशीत छापलेलं:
रिकामा परत करावा.

पहिला ड्युरॉन चालूच झाला नाही.
हीटसिंकची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबताना
कोपरा गेला.
साखरेचा खडा दाताखाली फुटावा
तेवढाच आवाज,
आणि सात लाख.
त्या रात्री मी जेवले नाही. आईला वाटलं, प्रेमभंग.

दुसरा ग्रिगोरेने पाच लाखांना दिला,
गिऱ्हाईक पक्कं झालं म्हणून.

त्याच्या पाठीवर बारीक सोनेरी ठिपके होते,
आणि ठिपक्यांमधले पूल
कारखान्याने तोडून ठेवलेले.
इथपर्यंत ये, पुढे नको.
मी शिसपेन्सिलीला ब्लेडने टोक काढलं,
(शिसपेन्सिलीत शिसं नसतं, हेही तेव्हाच कळलं)
श्वास धरला,
आणि चार रेघा मारल्या.
शाळेत भूमितीच्या वहीत कधी
इतकी सरळ रेघ आली नव्हती.

साडेसहाशे. सातशे. आठशे.
प्रत्येक पायरीला बंद, चालू, वाट.
वहीत तीन रकाने: वेग, व्होल्ट, ताप.
पायचे अंक काढायला लावायचे रात्रभर
आणि पंख्याखाली बोट धरून बसायचं,
आजारी पोराच्या कपाळावर धरतात तसं.

साडेनऊशेला तो थांबला नाही.
चुकला.
कितव्यातरी हजाराव्या अंकाला, अगदी ठामपणे,
आणि पुढे मोजतच राहिला.
मला वाटत होतं धूर येईल, काहीतरी फुटेल.
तसं काही नसतं.
बंद पडायच्या कितीतरी आधी
खोटं बोलणं सुरू होतं.

मी नऊशेवर परत आले.

बाबा पहाटे आले, दोन पाळ्या करून.
पोलादाच्या कारखान्यात, वितळलेल्या रसावरच्या क्रेनमध्ये
त्यांची अठरा वर्षं गेली होती.
कारखाना विकणार, असं सगळे म्हणत होते;
यादीत नाव लागू नये म्हणून
कुणीच पाळीला नाही म्हणत नव्हतं.
बुटांसकट ते खुर्चीत बसले,
क्रेटमधल्या उघड्या तारांकडे पाहत.

“लोखंड रंगाने सांगतं,” म्हणाले.
“लाल, मग नारिंगी, मग पांढरं.
पांढरं झालं की लांब व्हायचं.
हे काळंच. हे कसं सांगतं?”

“सांगत नाही. चुकायला लागतं.”

बराच वेळ नुसता पंखा बोलत होता.
त्यांनी माझी वही उचलली, तिन्ही रकाने वाचले,
बोट फिरवत, वरून खाली,
हजेरीपुस्तक वाचावं तसे.

“आणि उलटं? कमी करता येतो वेग?”

“येतो की. खोडरबर घ्यायचा,
रेघ पुसायची.”

“खोडरबर,” ते म्हणाले,
आणि वाकून एक बूट काढला,
आणि तसेच झोपले.

मी वहीत लिहिलं:
नऊशे, पावणेदोन, चोपन्न.
दुसऱ्या बुटाची गाठ ओली होती, सुटेना.
पेन्सिलीच्या टोकाने सोडवली.