निववळ वजन

गोकुळ शिरगावला, एमआयडीसीत शिरताना डाव्या हाताला
पारिसअण्णा मगदुमांचा वजनकाटा.
केबिनमध्ये कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर टॉवेल,
टॉवेलवर फौंड्रीची काळी वाळू,
रोज झटकली तरी रोज तेवढीच.

फोनवर म्हणाले, "टक् टक् करतोय गा.
आतनं कुणीतरी दार वाजवल्यागत."
मी म्हटलं, बंद करा. हात लावू नका. आलो.

चाळीस जीबीची डिस्क, दोन हजार तीनची.
तिच्या पोटात दिगंबर सुताराचा प्रोग्राम:
पॉलिटेक्निकला असताना लिहिलेला,
चार हजार रुपये आणि रोजच्या दोन कटवड्यांवर.
सीडी नाही. कागद नाही.
दिगंबर शारजात असतो म्हणे.
नंबर लावला की एक बाई अरबीत काहीतरी सांगते,
अण्णा तिला अदबीनं "बरं" म्हणतात
आणि ठेवतात.

"नवी डिस्क घाल," अण्णा म्हणाले,
"पण दिग्याचं एक बटण हललं तर बघ."

फायली उचलून पलीकडे ठेवल्या, असं चालत नाही इथं.
प्रोग्राम उठल्या उठल्या आधी डिस्कचा क्रमांक विचारतो,
ओळख पटली नाही तर गप्प बसतो, दिगंबरसारखाच.
म्हणून घर जसंच्या तसं उचलायचं:
विटेला वीट, फटीला फट,
माळ्यावरच्या कोळ्याचं जाळंसुद्धा
मोजून त्याच कोपऱ्यात.

संध्याकाळी सातला कॉपी लावली.
जुन्या बोर्डाला नवी पिन कळेना,
मध्ये एक कन्व्हर्टर, दुभाष्यासारखा.
बाहेर बीड भरलेले दोन ट्रक, एक भंगाराचा टेम्पो;
अण्णा त्यांना हातानं पावत्या लिहून देत होते,
अक्षर एवढं सुंदर की ड्रायव्हर दोनदा बघायचे.

सदुसष्ट टक्क्यांवर अडली.
डिस्क तव्यासारखी तापलेली.
अण्णांनी उठून टेबलफॅन तिच्याकडं वळवला
आणि स्वतः घामात बसून राहिले,
बनियन काढून, एक शब्द न बोलता.
सव्वातीनला कुठं अडुसष्ट झाले.

सकाळी मी सांगितलं,
अकरा ठिकाणी वाचता आलं नाही.
"काय होतं तिथं?"
सांगता येत नाही. कोरी जागा असेल,
किंवा एखादा ट्रक.
अण्णांनी वहीत अकरा लिहून ठेवले.
कशासमोर, ते लिहिलं नाही.

नवी डिस्क बसवली, काड्यापेटीहून थोडी मोठी.
बटण दाबलं. आवाजच नाही.
आवाज नसला की आमच्या धंद्यात पोटात गोळा येतो.
मग पडदा उजळला, आणि त्याच हिरव्या अक्षरांत:
या अण्णा. आधी चहा घ्या, मग वजन घ्या.

आलं होतं सगळं.
वीस वर्षांच्या गाड्या, उधारीवाले,
आणि पावतीवरचं ते "निववळ",
ज्यात दिगंबरकडून अर्धा व राहून गेला.
मी म्हटलं, हे सुधारून देऊ का? जमेल बहुतेक.
"हात लावू नको," अण्णा म्हणाले,
"त्यावरनंच ओळखतात पावती आमची."

मग जुनी डिस्क घेऊन ते बाहेर गेले,
काट्याच्या पत्र्यावर मधोमध उभे राहिले.
"वाच."
सत्तर, मी म्हटलं.
डिस्क खाली ठेवून ते बाजूला झाले.
"आता?"
काट्याला दहा किलोच्या खालचं कळत नाही.
शून्य, अण्णा.
"पावती काढ."

प्रिंटर करकरला.
भरलेली शून्य, रिकामी शून्य, निववळ शून्य.
घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.
मागं कागलचा एक ट्रक हॉर्न देत होता,
आणि अण्णा पत्र्याकडं बघत म्हणत होते,
थांब जरा. थांब.