मुका मार

तापकीर गल्लीत सगळे म्हणतात,
कुंभारांना तार कुठे जळली ते वासावरून कळतं.
माझ्याच मुलीच्या हाताचं मला कळलं नाही.

तळजाईच्या उतारावर जुई पडली.
मनगटाच्या वर हात पळीसारखा वाकला होता.
दोन्ही हाडं, म्हणाले ससूनमध्ये. बसवली, प्लास्टर घातलं.
त्या रात्री तिला चारदा उठवून विचारलं,
बोटांना मुंग्या येतात का?
नाही.
टोचलं की कळतं का?
कळतं ना बाबा, झोपू द्या.
मुंग्या नाहीत म्हणजे नस शाबूत,
असं मीच ठरवलं
आणि घरी फोन करून सांगूनही टाकलं.

पाचव्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर आली.
म्हणाली, अंगठा आणि पहिलं बोट जुळव,
बांगडीसारखं गोल कर बघू.
जुईनं केलं.
बांगडी झाली नाही, बदकाची चोच झाली.
जुई हसली. डॉक्टर हसली नाही,
फाईल ओढून तिनं चोचीचं चित्र काढलं.

आत एक नस असते म्हणे,
तिला स्पर्शातलं काही कळत नाही.
थंड, गरम, टोचणं ही दुसऱ्यांची खाती.
हिच्याकडे टोकं वाकवणं, चिमूट धरणं, एवढंच.
म्हणून बंद पडली तरी ओरडत नाही.
तुटली नसावी, डॉक्टर म्हणाली,
मुका मार आहे. तीन महिने वाट बघू.

तीन महिने.
मी जळकी तार कापतो, नवी गुंडाळतो, वार्निश लावतो,
संध्याकाळी गिऱ्हाईक पंप घेऊन जातं.
इथे हात लावायचा नाही.

चिमटीवर घर किती चालतं
हे मला ठाऊक नव्हतं:
शर्टाची गुंडी, दप्तराची चेन, वहीचं पान,
पोह्यांवरचं खोबरं,
पीएमटीत कंडक्टरनं पुढे केलेलं तिकीट.
आई वाटीत राजमा देते, एकेक उचल म्हणते.
जुई मुठीनं खरवडते
आणि आमच्याकडे न बघता सांगते, झालं.
मोहरीची वाटी आईनं अजून
डब्यांमागे लपवून ठेवली आहे.

रविवारी मी न्हाणीतला बल्ब बदलत होतो.
मल्हार भोकाड पसरत आला,
बाबा, ताईनं चिमटा काढला!
एरवी मी म्हटलं असतं, आधी तू काय केलंस?
स्टुलावरून उतरलो आणि विचारलं,
कुठल्या हातानं?
त्याला प्रश्नच कळेना.
दंड धरून त्याला खिडकीशी नेलं.
डाग होता, की नव्हता,
मसुरीएवढा, पुसट.
मी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं त्याच्यावरून,
तसा मल्हार रडायचा थांबून म्हणाला,
मला दुखतंय आणि तुम्ही हसताय काय?

दारात जुई उभी,
उजवा हात पाठीमागे.