पाहिल्याचा दिनांक

कडूसकरांच्या दुकानात, अप्पा बळवंत चौकामागे,
मी सोळा वर्षं दुसऱ्यांचे प्रबंध शिवते.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं,
पाठीवर आडनाव आधी, मग साल.
आतलं वाचायला वेळ नसतो.
शेवटची पानं मात्र हाताखालून जातात,
बारीक टायपातली, नावांमागून नावं.
मला वाटायचं, देणगीदार असतील.

ती संदर्भसूची, हे तांबोळी सरांनी सांगितलं,
गेल्या श्रावणात, रात्री साडेनऊला,
धनकवडीत, डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर.
शिट्टी होऊ नये म्हणून मी गॅस बारीक केला होता.

अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक:
संशोधन-कौशल्यं आणि माध्यम-साक्षरता.
मुलं एकोणीस-वीसची, कॅमेरे बंद,
चौकोनांत नुसती आद्याक्षरं.
माझा चुकून चालू राहिला पहिल्या दिवशी,
मागे दोरीवर वाळत घातलेला परकर.
सर म्हणाले, "कुणीतरी खरंच आहे म्हणायचं."

कोण म्हणालं? त्याला कसं कळलं?
त्यात त्याचा फायदा काय?
हे प्रश्न घेऊन मी मंडईत गेले.
मटार पुरंदरचा कशावरून?
"ताई, घ्यायचाय का नाय?"

नणंदेनं पाठवलं, कारल्याच्या रसानं साखर मुळापासून जाते.
खाली डॉक्टरचं नाव, फोटो, तीन उद्गारचिन्हं.
शोधलं. फोटोतला माणूस फरश्यांच्या जाहिरातीतला.
तसं लिहिलं मी घरच्या ग्रुपवर.
दोन दिवस कुणी बोललं नाही.
गणपतीचं आमंत्रण तिनं सगळ्यांना फोनवर दिलं.
मला मेसेज.

मग आला सातवा गृहपाठ:
जे तुम्ही कायम खरं मानत आलात
असं एक विधान घ्या. उगमापर्यंत जा.

निहालनं घेतलं, चीनची भिंत चंद्रावरून दिसते.
मी लिहिलं:
"हिला गणित जमेना, म्हणून दहावीनंतर घरी बसवली."
अवतरणचिन्हं घातली, शब्द माझे नव्हेत म्हणून.
स्रोत: थोरला भाऊ. त्याचा स्रोत: आत्या.
आत्याचा: सगळ्यांनाच माहीत होतं.
सर म्हणतात, सगळे हा स्रोत नसतो.

रविवारी कोथरूडला दादाकडे गेले,
माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली.
वहिनी म्हणाली, आत्ता? मटण शिजतंय.
आईचं रेशनकार्ड. विम्याचे कागद.
दादाच्या इंजिनियरिंगच्या फीची पावती,
टाचणीचा गंज साल सोडून बाकी सगळ्यावर.
आणि तळाशी, घडीवर फाटलेली, माझी गुणपत्रिका.

गणित: दीडशेपैकी एकशे बावीस.

खिडकीशी नेऊन बघितलं,
शिक्का खरा का, आकडा कुठे खोडलाय का,
सरांनी शिकवलंय तसं.
दादा चष्मा शोधत राहिला.
चष्मा डोक्यावर होता. मी सांगितलं नाही.
"एकशे बावीस म्हणजे काही फार नव्हते तेव्हा,"
तो शेवटी म्हणाला.
तेही टिपून घेतलं. मौखिक, रविवार, दुपारी पाऊण.

फीच्या पावतीचा फोटो काढला. पुसला.
घरी निघताना जिन्यावरून परत वर गेले
आणि पुन्हा काढला.

सोमवारी एक मुलगी आली प्रबंध घेऊन.
शिवता शिवता म्हटलं,
"बाई, या संकेतस्थळापुढे दिनांक राहिलाय.
तू ते कधी पाहिलंस, ते घाल."
ती बघतच राहिली.
कडूसकरांनी चहाचा कप खाली ठेवला.

रात्री नोंद पुरी केली.
लेखक: परीक्षा मंडळ. शीर्षक: गुणपत्रिका.
साल: एकोणीसशे चौऱ्याण्णव.
ठिकाण: भावाचा माळा.
पाहिल्याचा दिनांक:
इथे बोट जरा थांबलं.
एकतीस वर्षांनी, असं लिहायला तिथे रकाना नसतो.
तारीख घातली, पाठवा दाबलं.
नेट गेलं. चक्र नुसतं फिरत राहिलं.
मी भांडी घासायला घेतली,
मधूनच ओल्या हातानं
पडदा विझू नये म्हणून टिचकी मारत.