जन्मतारीख

नोंदवहीत माझी जन्मतारीख
एस्तेरबाईंनी लिहिली, निळ्या शाईत:
नऊ नोव्हेंबर. म्हणजे नाशिकरोडच्या फलाटावर
मी सापडलो तो दिवस.
वय अंदाजे चार,
दात बघून ठरवलेलं, बैलाचं ठरवतात तसं.

दर नाताळाला फोटो जायचा परदेशी
कुण्या मिसेस हॉल्मना.
स्वेटर एकच, लाल.
काढून मी सुवार्ताला द्यायचो, ती दावीदला.
सगळे एकाच उबेत हसलोय.

उत्तर यायचं: स्वेटर शोभतो हं तुला.
बाई मोठ्यानं वाचायच्या
आणि चष्मा पुसत बसायच्या.

परवा त्यांना शरणपूरच्या मातीत ठेवलं.
पाथरवटानं जन्मतारीख विचारली.
पाळकसाहेब वही चाळत राहिले.
बाईही सापडलेल्याच,
त्यांच्या रकान्यात नुसती रेघ.

मी म्हणालो,
नऊ नोव्हेंबर कोर.