इतिवृत्तात न आलेलं

सभेचं इतिवृत्त मी लिहिते.
शाळेची व्यायामशाळा, फेब्रुवारी, बाहेर उणे बावीस.
हजर एक्केचाळीस. विषय क्रमांक सात:
काँगोतून येणारी दोन कुटुंबं,
बंद पडलेलं आरोग्यकेंद्र त्यांना राहायला,
आणि त्यावरचा खर्च.

आधी ओन्नी उठला. जंगलात यंत्रावर असतो, वय सव्वीस.
खिशातून पगाराची पावती काढली, चार घड्यांची,
आणि वाचली, लहानपणी याच भिंतीला पाठ लावून
पाढे म्हणायचा तशी, न अडखळता.
कर इतका. निवृत्तीनिधी इतका. हातात इतके.
"हा निधी माझा नाही," म्हणाला, "तुमचा आहे,
इथे बसलेल्या तीसजणांचा.
माझी पाळी येईल तेव्हा पातेल्यात खरवड उरेल.
पहिली पंगत उठायचं नाव घेत नाही
आणि तुम्ही दारात आणखी पानं मांडताय."

मी लिहिलं: खर्चाबाबत प्रश्न उपस्थित झाला.

मग दाताच्या डॉक्टरकडची अकरा महिन्यांची वाट.
मग रस्त्यातले खड्डे, ते प्रत्येक विषयात येतात.
मग मुख्याध्यापिका: शाळेत मुलं चौदा,
पंधराच्या खाली गेलो तर शाळा बंद,
आणि येणाऱ्यांत मुलं सात.
"म्हणजे डोकी मोजून माणसं आणायची?" सिनिक्का म्हणाली.
कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरलं.

तौनो शेवटी उभा राहिला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, काठी खुर्चीलाच.

"पंचेचाळीस साली सरकारी माणूस साखळी घेऊन आला.
ओढ्यालगतचं चार हेक्टर मोजलं,
माझ्या बापानं बुंधे उपटून उपटून कसलेलं,
आणि कारेलियातून हुसकलेल्यांना दिलं.
विचारलं नाही. कायदा होता.
बाप दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही.
त्यांची गाय बांध ओलांडून आली की
दगड मारायला मला पाठवायचा.
मी मारायचो. नेम चांगला होता."

कोणीतरी हसलं. तो हसला नाही.

"आता सगळे म्हणतात, तेव्हा मनं मोठी होती.
मनं एवढीच होती. कायदा मोठा होता.
बापाचा राग खोटा नव्हता, कायदाही चुकीचा नव्हता.
दोन्ही एकाच बांधावर राहिले, म्हातारे झाले."

ती गाय माझ्या आजीची.
मागच्या डाव्या पायानं लंगडायची,
आजी सांगायची, पण कशानं, ते कधीच नाही.
मी पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं.

तौनो ओन्नीकडे वळला:
"तुझं बरोबर आहे. मला पेन्शन भरपूर मिळतं.
मी लवकर मरावं, तर तेही जमत नाहीये.
पण पोरा, तुझा हिशेब माझ्याशी आहे.
तो माझ्याशी कर.
जी अजून विमानातही बसली नाहीत
त्यांच्या खात्यावर कशाला मांडतोस?"

"तुमच्याशी कसा करू?" ओन्नी म्हणाला, अगदी हळू,
"मतं तुमची जास्त आहेत."

यावर तौनोलाही काही सुचलं नाही.
त्यानं काठी चाचपली,
ती घरंगळून खुर्चीखाली गेली होती.

बावीस विरुद्ध अठरा. मंजूर.
मला मत नाही, मी लिहिते.

खुर्च्या ओन्नीनंच रचल्या, सहा-सहाच्या.
बाहेर नुसती काच झाली होती रस्त्याची,
म्हणून म्हाताऱ्याला त्यानंच गाडीत बसवलं,
पट्टा लावून दिला, दार जरा जोरात आपटलं.
ओढ्याच्या वळणापर्यंत त्यांचे मागचे दिवे दिसले.
बोलत होते की नाही, ठाऊक नाही.

इतिवृत्त पान दोन, सही, शिक्का.
गाय नाही, पंगत नाही, दगड नाही.
ओन्नीच्या शेवटच्या वाक्यासाठी
एक ओळ कोरी सोडली होती, नंतर नीट शब्द सापडतील म्हणून.
तशीच छापली गेली.