मशीन डिझाइन, पाचवी खेप

तुकुमानच्या सरकारी विद्यापीठात फी नाही.
वेळ भरावा लागतो.
मी अकरा वर्षं भरली.

मे लागला की उसाचं गाळप,
मी कारखान्यात रात्रपाळीला,
आणि सकाळी आठला व्हायब्रेशन्सच्या तासाला
शेवटच्या बाकावर, केसांत मळीचा वास.
शेजारचा ओस्वाल्दो वही सरकवून देतो
आणि काही बोलत नाही.

वर्कशॉपच्या एका खिडकीला काच नाही, पुठ्ठा आहे.
लेथ माझ्या आजोबांच्या वयाचं,
चकचा एक जबडा नवा, दोन जुने;
जॉब लावला की किंचित नाचतो,
आणि इंजिनिअर बुस्तामान्ते म्हणतात,
"हे एक्सेंट्रिसिटीचं प्रात्यक्षिक समजा.
बजेटात बसणारं."

एका सप्टेंबरात पगार तुंबले
तेव्हा त्यांनी फळाच रस्त्यावर आणला.
चौक अडवून, डांबरावर खुर्च्या मांडून
धातूचा थकवा शिकवला.
एक बसड्रायव्हर इंजिन बंद करून दारात उभा राहिला.
सर सांगत होते:
एका मोठ्या भाराने क्वचितच तुटतं काही.
तुटतं ते लहान भाराने,
लाख वेळा, दहा लाख वेळा, जा-ये, जा-ये,
आणि चीर सुरू होते अशा कोपऱ्यातून
जिथं कुणीतरी घाईत धार तशीच ठेवलेली असते.
ड्रायव्हरने विचारलं, "मग माझा मागचा अ‍ॅक्सल?"
आम्ही हसलो. सर हसले नाहीत.
त्यांनी फळ्यावर अ‍ॅक्सल काढला
आणि खांद्यापाशी, जिथं व्यास बदलतो,
तिथं खडूने गोल केला.
ड्रायव्हर बराच वेळ त्या गोलाकडे बघत होता.

माझ्या वडलांना यातलं काही सांगावं लागत नाही.
ते पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटतात.
"बाहेरची रिंग गेलीय. रविवारपर्यंत ओढेल."
रविवारी दुपारी ते गेलं.
त्याच बेअरिंगचं आयुष्य मी हिशेबाने काढलं होतं:
नऊ हजार तास.
गणित बरोबर होतं,
फक्त उसासोबत येणारी माती त्यात धरली नव्हती.

चार वेळा मी त्या लांब टेबलासमोर बसले.
तोंडी परीक्षा. समोर तिघं, मध्ये पाण्याचा जग.
पहिल्यांदा गिअरच्या दातांत अडकले,
दुसऱ्यांदा वेल्डमध्ये,
तिसऱ्यांदा आई इस्पितळात होती, तरी गेले.
जायला नको होतं.
चौथ्यांदा सगळं येत होतं
आणि आवाजच फुटेना.
"परत या, सोराइरे," दर वेळी तितक्याच सौजन्याने.
ओस्वाल्दो बाहेर अंडी घेऊन उभा असायचा,
कारण इथली रीत, शेवटचा विषय सुटला
की अंडी फोडायची डोक्यावर, वर मैदा,
कात्रीने शर्टाच्या चिंध्या.
चारही वेळा अंडी घरी परतली
आणि रात्री त्यांचं आम्लेट झालं.

पोलादाला म्हणे एक मर्यादा असते:
तिच्याखालचा भार कितीदाही येवो, ते थकत नाही.
अ‍ॅल्युमिनियमला तशी नसते.
हे मला झोपेतही येतं. हे कधी विचारत नाहीत.

आज विचारलं.
"जे थकणारच, त्याचं विमान का बनवता?"
हलकं असतं, मी म्हटलं.
आणि थकणार हे आधीच ठाऊक असलं
की कुणीतरी ठरल्या वेळी दिवा घेऊन चीर शोधायला जातं.
मग कुणी न विचारताच
मातीबद्दल बोलले. नऊ हजार तास, पेचकस, रविवार.
डाव्या बाजूच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.
"तुमचे वडील कुठल्या कारखान्यात?"
इतकंच. मग सही.

पायऱ्यांवर ओस्वाल्दो सुटला,
त्याच्यामागे रात्रपाळीची पाच जणं,
डोळ्यांत मैदा, कॉलर कापलेली, थंड बलक पाठीवरून.
वडील कडेला.
त्यांच्याही हातात कुणीतरी एक अंडं दिलंय.
फेकत नाहीत.
सवयीने कानाशी नेतात, हलवतात,
"ताजं आहे," म्हणतात,
आणि कोटाच्या खिशात ठेवतात, आईसाठी.