पाचवी सही

मी लेखनिक. टाक माझा, शब्द त्यांचे.
पण तो मसुदा सात वेळा उतरवलाय मी,
म्हणून सांगतो.

सांगलीची कचेरी. पाच न्यायाधीश.
समोर अर्ज: येसू वायदंडे, राहणार हरिपूर.
मुलगी हौसा, इयत्ता पहिली,
बसते वर्गाबाहेर, चपलांच्या रांगेपलीकडे.
तिची पाटी मास्तर लांबूनच तपासतात,
चूक असेल तर छडीचं टोक दाखवतात.

चौघं पहिल्याच दिवशी तयार होते.
आवटी तर म्हणाले, लिहून टाका,
मला चारची गाडी आहे.
राहिले गुरुपादप्पा शेटे.

अध्यक्ष किंजवडेकर मला म्हणाले, दौत झाक.
चार विरुद्ध एक असा निकाल दिला
तर गाव चौघांना विसरेल
आणि त्या एकाला खांद्यावर घेऊन नाचेल.

सहा आठवडे दौत झाकलेली.

रोज दिवेलागणीला ते शेट्यांकडे जात.
कायद्याचं पुस्तक नाही, हातात भडंगाची पुडी.
मी कंदील घेऊन मागं.
बोलणं हळदीच्या भावाचं, शेट्यांच्या गुडघ्याचं.
मग उठता उठता शेटे म्हणत,
माझं काही नाही हो. पण पोरं काढून नेली लोकांनी,
वर्ग ओस पडला, तर?
आणि हे चप्पल शोधत म्हणत,
तर आपण दोघं जाऊन बसू. मला गणित कच्चंच आहे.

हरिपुरात एकदा पेव उघडलं,
शेट्यांच्या मेहुण्याचं.
आतली कोंदट हवा निघेस्तोवर सगळे लांब उभे.
दोरानं दिवा सोडला. विझला.
तासाभरानं पुन्हा सोडला. तगला.
तेव्हा येसू उतरला.
वर आला तो पापण्यांपर्यंत पिवळा.
शेट्यांनी त्याच्या हातातलं हळकुंड घेतलं,
मोडून पाहिलं, वास घेतला,
सदऱ्याच्या खिशात टाकलं.
चिंचांच्या रस्त्यानं परतताना
कुणीच काही बोललं नाही.
शेट्यांचा हात मात्र खिशात होता.

शनिवारी शेटे आले. बसलेही नाहीत.
सही करतो. एक शब्द बदला.
'ताबडतोब' नको. 'यथावकाश' घाला.

मुजावर खिडकीबाहेर बघत राहिले.
घोरपड्यांनी पानाचा डबा उघडला, मिटला.
किंजवडेकरांनी चष्मा काढून पुसला,
बराच वेळ पुसला,
मग माझ्याकडं बघून मान हलवली.
मी 'ताबडतोब'वर रेघ मारली.
हात सराईत, रेघ सरळ आली.

पाच सह्या. एकमताने.
वाचून दाखवताना अध्यक्षांचा आवाज
त्या एका शब्दापाशी खाली गेला,
पायरी चुकावी तसा.

बाहेर येसू उभा होता, टोपी हातात.
म्हणाला, रावसाहेब, सगळं समजलं,
निस्तं यथावकाश म्हंजी कवा?

आत पाच माणसं होती, उत्तर देऊ शकणारी.
दार लोटलेलं होतं.

मी म्हणालो, सोमवारी.
सोमवारी पाठव पोरीला. आत बसव.

तसा मला अधिकार नव्हता.